ओठांवर बोट

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांखाली एक लांब दांडी होती आणि तिच्यावर सात फडकी वाळत असत. जुन्या टॉवेलाची घडी करून घरी शिवलेली, कोपऱ्यात काळ्या शाईने नाव लिहिलेली. सातही एप्रिलमध्ये, शाळा उघडली त्याच आठवड्यात आली होती. त्यातली सहा अजून जाड होती, वाळली की पुठ्ठ्यासारखी कडक होत. सातवं मात्र मध्यभागी विरून जाळीदार झालं होतं. उजेडासमोर धरलं तर त्यातून समोरचा डोंगर दिसत असे. त्याच्या कोपऱ्यावर हिना अकाहाने असं नाव होतं.

सारख्याच कापडाची, एकाच पाण्यात धुतलेली, एकाच लाकडी जमिनीवर फिरलेली फडकी इतकी वेगवेगळी झिजत नाहीत. एखादं झिजलंच, तर ते बाकीच्यांच्या वाटणीचंही फिरलंय, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे अनुमान काढता आलं असतं. मोमोसेबाई तर विज्ञान शिकवत. त्यांनी ते ऑक्टोबरातच काढलं होतं, आणि काढून तसंच ठेवून दिलं होतं.

आता नोव्हेंबर सरत आला होता. अकाहाने महिनाभर शाळेत आली नव्हती. तिचं फडकं दांडीवरून कुणी काढलं नव्हतं.

जपानच्या डोंगराळ भागातल्या या माध्यमिक शाळेचं नाव आसपासच्या खोऱ्यांमध्ये निघे ते तिच्या साफसफाईमुळे. दुपारी जेवणाच्या थाळ्या परत गेल्या की स्पीकरवर पियानोची एक संथ धून लागे. मुलं डोक्याला पांढरा रुमाल बांधून जागच्या जागी गुडघे टेकत, डोळे मिटत. धून थांबली की बादल्या, झाडू, फडकी घेऊन कामाला लागत आणि ती पुन्हा वाजेपर्यंत साऱ्या इमारतीत कुणी एक शब्द बोलत नसे. शिक्षकही नाही. ओलं कापड लाकडावर घासल्याचा आवाज तेवढा येई. दुसऱ्या शाळांचे लोक हे पाहायला येत, मोजे घालून कडेकडेने चालत, आणि परत जाताना म्हणत, काय वातावरण आहे हो तुमच्या शाळेचं!

हे वातावरण आपोआप आलेलं नव्हतं. पूर्वी इथे जिन्यावरून बादल्या फेकल्या जात, स्वच्छतागृहांची दारं मोडलेली असत, आणि एका हिवाळ्यात तर कुणीतरी पेटता स्टोव्ह वर्गात उलटवला होता. तेव्हा आजचे उपमुख्याध्यापक मियाशिता इथे गणित शिकवत आणि मोमोसेबाई नव्याने बदलून आल्या होत्या. नि:शब्द साफसफाईची पद्धत त्या दोघांनी बसवली. सुरुवातीला मुलं खिदळत. ओरडून गप्प करावं, तर शांतता आपणच मोडल्यासारखी. म्हणून मोमोसेबाईंनी ओठांवर बोट ठेवायला सुरुवात केली. नुसतं बोट, हसऱ्या चेहऱ्याने. पुढे दोघंही बदल्यांवर इतर शाळांत जाऊन परत इथेच आले, आणि पाहतात तर सगळे शिक्षक तसंच बोट ठेवत होते. मोमोसेबाईंना तेव्हा फार बरं वाटलं होतं.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत प्रत्येक सेन्सेईच्या, म्हणजे शिक्षकाच्या, टेबलावर एक छापील कागद होता. वर लिहिलं होतं, 'शाळेतील वातावरणाविषयी शिक्षकांचे मत'. खाली प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी.

"मोमोसे सेन्सेई, वातावरण हा तुमचा विषय," व्यायामाचे ताकेइ पलीकडून ओरडले. "हवेचा दाब किती लिहू?"

"तुम्ही आत आलात की वाढतो तो. त्याआधीचा लिहा."

चारी बाजूंनी हशा झाला. ताकेइंनी पोटावर हात ठेवून कबूल असल्यासारखी मान लववली.

"पाचच्या आत द्या बरं का," मियाशिता म्हणाले. स्टोव्हवरच्या किटलीतून ते सगळ्यांना चहा ओतत होते. ते काम ते कुणाला करू देत नसत. "नाव घालायचं नाही. मोकळेपणाने लिहा. शुक्रवारी पाहुणे येताहेत, त्यांनाही निकाल दाखवता येईल."

'मुलांचे म्हणणे शिक्षकांकडून ऐकून घेतले जाते का?' मोमोसेबाईंची पेन्सिल तिथे थांबली. मग त्यांनी 'बहुतेक वेळा' या चौकटीत खूण केली. खूण नीट उमटली नाही म्हणून ती पुन्हा गडद केली.

"सेन्सेई, एक मिनिट?" ओगिसो टेबलाशी येऊन उभा होता. अकाहानेचा वर्गशिक्षक, नोकरीचं दुसरं वर्ष. "अकाहाने तुमच्या मजल्यावरच्या गटात होती ना. साफसफाईच्या वेळी तुम्हाला काही दिसलं होतं का? तिची आई पोट दुखतं म्हणते. पण डॉक्टरांना काही सापडत नाही."

"ओगिसो, तुझं तोंड बघूनच पोरं आजारी पडत असतील," ताकेइ म्हणाले. "आधी झोप काढ एक."

ओगिसो हसला. पण नजर मोमोसेबाईंवरच होती.

"विशेष असं काही नाही," मोमोसेबाई म्हणाल्या. "शांत मुलगी आहे. काम चोख करते."

"हो ना. मलाही तसंच वाटतं," ओगिसो म्हणाला आणि आभार मानून गेला.

मोमोसेबाई समोरच्या कागदाकडे पाहत राहिल्या. त्यांचे कान तापले होते.

दिसलं होतं. सप्टेंबरात एकदा त्या प्रयोगशाळेच्या दारातून पाहत होत्या. त्या गटातल्या मुली एकमेकींना बोटांनी काम दाखवत होत्या. एकीने बादलीकडे बोट केलं, दुसरीने कोपऱ्याकडे, तिसरीने स्वच्छतागृहाच्या दाराकडे. आणि अकाहाने त्या त्या जागी जात होती. मोमोसेबाईंना ते इतकं आवडलं की त्याच आठवड्याच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं, "मुलं आता इशाऱ्यांनी कामं वाटून घेतात. मी शिकवलेलं नाही. त्यांचं त्यांनीच शोधलंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पालकांना जाणाऱ्या पत्रकात त्याचा फोटोही छापून आला. फोटोत पुढे केलेली तीन बोटं होती, आणि कडेला एक वाकलेली पाठ. तिन्ही बोटं एकाच मुलीला कामाला लावत होती, हे फोटो काढणाऱ्यालाही दिसलं नाही आणि छापणाऱ्यालाही. शुक्रवारी पाहुण्यांना हीच इशाऱ्यांची पद्धत मोमोसेबाई समजावून सांगणार होत्या.

आणि ऑक्टोबरातली ती दुपार. अकाहाने स्वच्छतागृहातून बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या, डोक्याचा रुमालही. ती सरळ चालत येऊन समोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सेन्सेई, मला..."

एवढंच. कॉरिडॉरमध्ये तेवढाच एक आवाज झाला. पाच-सहा मुलांनी माना वर केल्या.

मोमोसेबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. हसऱ्या चेहऱ्याने, नेहमीसारखं. मग तेच बोट जमिनीकडे केलं.

अकाहानेने वाकून नमस्कार केला आणि परत गेली. साफसफाई संपल्यावर तिला बोलावून विचारायचं, असं मोमोसेबाईंनी मनाशी ठरवलं होतं. संपल्यावर तास होता. तासानंतर बैठक. दुसऱ्या दिवशी वाटलं, महत्त्वाचं असेल तर ती स्वतःच येईल. त्यानंतर त्यांनी दांडीवरची फडकी पाहिली, त्यांना जे कळायचं ते कळलं, आणि मग तर विचारणं आणखी कठीण झालं. विचारलं असतं, तर इतके दिवस का नाही विचारलं, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर त्या अकाहानेच्या घरी गेल्या. ओगिसोला सांगितलं नाही. रस्त्यावरच्या घरांच्या वळचणीला सोललेली पर्सिमन फळं दोऱ्यांनी वाळत टांगली होती. अकाहानेच्या घराला तशी माळ नव्हती. आई एनोकी अळिंबी पॅक करणाऱ्या कारखान्यात पाळीने कामाला जायची. दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर कारखान्याचा पांढरा कोट होता.

"अगंबाई, सेन्सेई! तुम्ही कशाला त्रास घेतलात? या, आत या. पसारा आहे सगळा."

"नको, इथेच बसते. तुम्हाला कामावर जायचं असेल."

"आहे अजून वेळ." तिने दाराच्या पायरीवर उशी टाकली आणि स्वतः गुडघे मुडपून समोर बसली. "ओगिसो सेन्सेई येतात दर आठवड्याला. बिचारे इतकी माफी मागतात! कशाची मागताहेत ते त्यांनाच ठाऊक नसतं." ती हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "खरं सांगू? मी तुमचीच वाट पाहत होते."

"माझी?"

"हिनाने तुम्हाला सांगितलंय ना सगळं. मी विचारून विचारून थकले, काय झालं, कोण काय बोललं. तर एकच उत्तर, मोमोसे सेन्सेईंना सांगितलंय. म्हटलं, बरं केलंस. मग काय म्हणाल्या सेन्सेई? तर म्हणे, त्यांनी उत्तर दिलं. काय उत्तर दिलं ते काही सांगत नाही. मी म्हटलं, शाळेत चौकशी वगैरे चालली असेल. मध्येच आपण तोंड घालून बिघडवायला नको. म्हणून गप्प राहिले." ती जरा पुढे झुकली. "काय म्हणाला होतात हो तुम्ही तिला?"

  'मला' हा एकच शब्द त्या मुलीने उच्चारला होता. आणि तिच्या हिशेबी सांगून झालं होतं, उत्तरही मिळालं होतं.

"हिना!" आईने जिन्याकडे वळून हाक मारली. "खाली ये गं. बघ कोण आलंय!"

वर दार सरकलं. अकाहाने अर्धा जिना उतरून थांबली. अंगावर शाळेचाच निळा व्यायामाचा पोशाख होता, पायांत जाड मोजे. केस वाढले होते. तिने मोमोसेबाईंना पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. मग आईची पाठ आपल्याकडे आहे हे पाहून उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, आणि हलकेच मान हलवली. जणू सांगत होती, काळजी करू नका, मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसता आला असता. सांगितलेलं काम नीट केलं की मुलं जशी बाईंकडे पाहतात, तशी ती पाहत होती.

आईने तेवढ्यात मागे पाहिलं. "हे काय गं? सेन्सेईंसमोर असं करतात का? माफ करा हं, आजकाल ही अशीच." पण अकाहाने तोवर वर गेली होती.

"हरकत नाही," मोमोसेबाई म्हणाल्या. 

"नव्या वर्षापासून तिला माझ्या बहिणीकडे मात्सुमोतोला पाठवावं म्हणतेय. तिकडची शाळा मोठी आहे, कुणाच्या लक्षातही येणार नाही ही. तिला जायचं नाहीये. तिला इथेच यायचंय, तुमच्या शाळेत. पण शाळेकडून काही कळलं नाही तर किती दिवस घरात ठेवू?" तिने घड्याळाकडे पाहिलं, लगबगीने आत गेली आणि अळिंबीची एक मोठी पिशवी घेऊन आली. "हे न्या. सूपात घाला. छान लागते. नाही म्हणायचं नाही, इतक्या लांब आलात आमच्यासाठी."

मोमोसेबाईंनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली, वाकून आभार मानले आणि म्हणाल्या, "येते मी."

त्या गाडीत जाऊन बसल्या. पिशवी मांडीवरच राहिली. काचेवर आतून वाफ धरू लागली. दवबिंदूचा धडा त्यांनी गेल्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाला शिकवला होता. बाष्प हवेत आधीपासून असतंच, काच गार झाली की ते दिसू लागतं, इतकंच. मुलांनी ते वह्यांत उतरवून घेतलं होतं. अकाहानेच्या वहीत ते नसणार. समोरचं काही दिसेना, तरी त्यांनी काच पुसली नाही.

बुधवारच्या बैठकीला सगळे आपापल्या टेबलांशी बसले होते. दुपारी दांडीवरून काढलेलं फडकं मोमोसेबाईंच्या कोटाच्या खिशात होतं.

मियाशितांनी आधी पाहणीचा निकाल वाचला. त्यांचा चेहरा खुलला होता. "प्रत्येक प्रश्नाला वरच्या दोन चौकटी, मंडळी. एक अपवाद नाही. 'मुलांचे म्हणणे ऐकून घेतले जाते का', यालाही एकानेसुद्धा नाही म्हटलेलं नाही."

"आमच्या शाळेत टाचणी पडली तरी ऐकू येते," ताकेइ म्हणाले. "मुलांचं काय घेऊन बसलात!"

हशा झाला. मोमोसेबाईंना ती गडद केलेली खूण आठवली.

मग शुक्रवारची आखणी. पाहुणे कोणत्या दाराने येणार, कुठल्या जिन्याने वर जाणार. "दुसऱ्या मजल्यावर मोमोसे सेन्सेई इशाऱ्यांच्या पद्धतीबद्दल सांगतील. तेच आपलं खास आहे." मियाशितांनी त्यांच्याकडे पाहून मान लववली. मग कागद उलटला आणि आवाज थोडा खाली आणला. "शेवटचं. अकाहानेची गैरहजेरी. कारण काय ते आता वर कळवावं लागेल. मला वाटतं, सध्या पोटाचं दुखणं असं लिहू. पाहुणे परत गेले की शांतपणे बघू. काय ओगिसो?"

"हो," ओगिसो टेबलाकडे पाहत म्हणाला.

"कुणाचं काही?"

हा प्रश्न प्रत्येक बैठकीच्या शेवटी येई. मग सगळे थोडा वेळ गप्प बसत, मियाशिता 'ठीक' म्हणत आणि खुर्च्या सरकत. गप्प बसणं म्हणजेच होकार. मोमोसेबाई इतकी वर्षं या शांततेत बसत आल्या होत्या आणि तिला एकमत समजत आल्या होत्या. स्टोव्हवरची किटली शिटीसारखा बारीक आवाज करत होती. मियाशितांनी श्वास घेतला, आता ते 'ठीक' म्हणणार.

मोमोसेबाई उठल्या. खुर्ची मागे करकरली.

"मला बोलायचंय."

"शुक्रवारबद्दल?"

"नाही. अकाहानेबद्दल."

मियाशितांनी स्मित केलं. जुन्या सोबत्याचं, प्रेमळ. "मोमोसे सेन्सेई, ते आपण दोघं नंतर बोलू ना. निवांत."

"तिच्याशीही मी नंतरच बोलणार होते."

कुणीतरी पेन खाली ठेवलं. मोमोसेबाईंनी खिशातून फडकं काढलं आणि ओगिसोच्या टेबलावर पसरलं. तळहाताने त्याच्या चुण्या सरळ केल्या.

"हे तिचं आहे. बाकीच्या सहा जणींची वर दांडीवर आहेत, जाऊन बघा, नव्यासारखी आहेत. सगळ्यांच्या वाटणीचं पुसायचं काम हिच्याकडे होतं. स्वच्छतागृहसुद्धा. मुली बोट दाखवायच्या आणि ही जायची. तेच मी इथे उभं राहून तुम्हाला सांगितलं आणि टाळ्या घेतल्या."

ओगिसोने फडक्याच्या विरलेल्या भागाला हात लावला. त्याची बोटं पलीकडून दिसत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" तो म्हणाला. "परवा मी विचारलं तेव्हाही?"

"हो."

 त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ताकेइंनी खुर्चीत चुळबुळ केली आणि पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही.

"मुलांचे आपापसातले प्रकार असतात," मियाशिता सावकाश म्हणाले. "त्याला एकदम मोठं नाव द्यायची घाई नको. शुक्रवार दोन दिवसांवर आलाय. ही शाळा काय होती, ते इथे फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. ते सगळं पुन्हा यावं असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही वाटत. म्हणूनच इतके दिवस बोलले नाही."  सगळ्यांच्या नजरा अंगावर होत्या आणि त्यातली एकही चुकवायची नाही, असं त्यांनी ठरवलं. "तेव्हा मुलं आरडाओरडा करायची, निदान ऐकू तरी यायची. ही पोर सांगायला आली होती. भर साफसफाईत, सगळ्यांसमोर, माझ्यापर्यंत चालत आली. मी असं केलं." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. हसऱ्या चेहऱ्याने करून दाखवणं त्यांना जमलं नाही. "ती अजून ते पाळतेय. आईलासुद्धा सांगितलेलं नाही तिने."

मियाशितांचा हात कागदावर तसाच राहिला होता.

"याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुम्हाला?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "चौकशी होईल. आधी तुमची होईल."

"कळतंय. पोटाचं दुखणं लिहू नका. छळ झाला असं लिहा, आणि तिला गप्प मी केलं, माझ्या नावानिशी, तेही लिहा. आज संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन हेच सांगणार आहे, तिला आणि तिच्या आईला. आणि उद्यापासून दुसऱ्या मजल्यावर मुलं बोलत साफसफाई करतील. शुक्रवारीसुद्धा."